कासारमामांची मूठ

मंडळी, टाळ खाली ठेवा, पाणी पिऊन घ्या. आता एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच देऊ नका. लगेच दिलेलं उत्तर बहुतेक वेळा दुसऱ्याचं असतं!

आपल्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. आईनं सांगितलं, आजीनं सांगितलं. घरातलं उणं घरात ठेवावं, चारचौघांत मूठ उघडू नये. बरोबर? माना हलताहेत. पण मी विचारतो – मूठ झाकलेली असली, तर तिच्यात कुणी काही घालणार कसं? देवानं द्यायचं ठरवलं, तरी ठेवायचं कुठं – मनगटावर?

पुढं बसलेली बाळं हसली. त्यांना कळलं. मागची मोठी माणसं अजून विचार करताहेत. करा, तोवर गोष्ट ऐका.

कृष्णाकाठच्या एका गावात यशवंत अष्टेकर नावाचे कासार राहायचे. बांगड्या भरणारे. सगळं गाव त्यांना कासारमामा म्हणायचं. खांद्यावर बांगड्यांची माळ, हातात पेटी, आणि पायाखाली दहा-बारा गावं. बारसं असो, डोहाळजेवण असो, लग्नाचा चुडा असो – मामा हजर!

बाळांनो, बांगडी कशी भरतात ठाऊक आहे? तुमच्या आयांना विचारा. कासार हात हातात घेतो, बोटं जुळवतो, अंगठ्याचं हाड हलकेच आत दाबतो. आणि म्हणतो, "बाई, मूठ सोडा. हात सैल. बोलत राहा." बोलत का राहायचं? बोलणाऱ्या बाईचा हात आवळत नाही. हात आवळला की बांगडी वाढते. फुटते म्हणायचं नाही हं, वाढते म्हणायचं! मामांच्या हातून कधी कुणाला काच लागली नाही. सारी करामत एवढीच – समोरच्याला मूठ सोडायला लावायची.

मामांना एकच मुलगी, केतकी. शाळेला सुट्टी असली की बापाबरोबर गावोगाव जायची. एकदा एका घरी सुनेला बांगड्या भरायच्या होत्या. तिच्या मांडीवर वर्षाचं पोर. मामांनी माळ उलगडली, घरभर किणकिण झाली. दारातली मांजर दचकली, गोठ्यातल्या म्हशीनं कान हलवले. पोरानं मात्र मान वळवली नाही. केतकी म्हणाली, "काकू, ह्याला ऐकू येत नाही का?"

झालं! सासूबाई कडाडल्या, अभद्र बोलते म्हणाल्या. मामांनी पोरीला तिथंच दटावलं आणि दोन बांगड्यांचे पैसे न घेता घरी आले. पण मंडळी, पोरीनं पाहिलं ते खरं होतं. घरच्यांनी मात्र आणखी तीन वर्षं वाट पाहिली. आज बोलेल, उद्या बोलेल. मूठ झाकलेली! मग डॉक्टर झाले, कानाचं यंत्र झालं, पण बोलायला शिकायचं वय बरंचसं निघून गेलं.

ते पोर केतकीच्या मनातून गेलं नाही. ज्यांना ऐकू येत नाही त्यांचे कान तपासायचे, त्यांना बोलायला शिकवायचं, अशी एक विद्या असते. ती शिकायची तिनं ठरवलं आणि चार वर्षांची पदवी घेतली. त्यात मामांची शिल्लक गेली, विमलमामींच्या पाटल्या गेल्या. कासाराच्या बायकोच्या हातात नुसती काच राहिली. पुढं दोन वर्षांचं वरचं शिक्षण होतं. ते झालं, की तान्ह्या मुलांचे कान तपासायची खास तयारी होते, तालुक्यात स्वतःचं केंद्र काढायचं बळ येतं. परीक्षेत नंबर लागला, मोठ्या शहरातल्या कॉलेजात जागा मिळाली. फी ऐकून मामा ओट्यावर बसले ते दिवेलागणीलाच उठले.

आता बाळांनो, नीट ऐका, हे उपयोगाचं आहे. अशा वेळी दारं असतात. एक दार शिष्यवृत्तीचं – ती परत द्यायची नसते, पण मागावी लागते, वेळेत मागावी लागते. दुसरं बिनव्याजी मदतीचं – शिकून कमावते झालात की जेवढी घेतली तेवढीच परत करायची. तिसरं बँकेच्या शैक्षणिक कर्जाचं – शिक्षण संपल्यावर काही महिन्यांनी हप्ते सुरू होतात, व्याज लागतं, म्हणून ते शेवटी आणि लागेल तेवढंच. शिवाय अशा कॉलेजात शिकता शिकता रोगी तपासले, तर महिन्याला थोडं विद्यावेतनही मिळतं कुठं कुठं. तबलजी माझ्याकडे बघताहेत – बुवा, हे कोणत्या पोथीत? अहो, सरस्वतीच्या दाराची किल्ली सांगायची नाही, तर कीर्तनात सांगायचं काय?

तर केतकीनं पहिलं दार वाजवलं. त्यांच्या समाजाचं एक विद्यार्थी सहायक मंडळ होतं, जिल्ह्याच्या गावी. तिनं अर्ज केला, उत्पन्नाचा दाखला जोडला. मंडळाची एक रीत होती. कागदावर भागायचं नाही. दोन सभासद घरी यायचे, चहा घ्यायचे, घर बघायचे. मगच ठरवायचे. तसा निरोप आला. केतकी पदवीनंतर शहरातल्या एका दवाखान्यात नोकरीला, तिकडंच गुंतलेली. निरोप मामांना मिळाला – रविवारी मंडळाची माणसं घर बघायला येताहेत.

घर बघायला! मंडळी, मुलीचा बाप हे शब्द कसे ऐकेल? तुम्ही कसे ऐकाल?

तसेच मामांनी ऐकले. रविवारी सकाळी शेजारच्या जाधवांचा सोफा चौघांनी उचलून आणला. दारातून आत जाईना, म्हणून दार काढलं! मेहुण्याचा टीव्ही आला. मामांची सायकल मागं लपली, पुढं पुतण्याची मोटारसायकल उभी राहिली. पत्र्याला गळती होती, तिथं खाली नवी चादर ताणली – छत केलंय असं वाटावं. सोनेरी काठाचे कप आले. शिऱ्यात काजू इतके, की शिरा शोधावा लागावा! विमलमामी एकदा म्हणाल्या, अहो, ही माणसं कशाला येताहेत ते ध्यानात आहे ना? मामा म्हणाले, आल्या माणसाला काय ओढलेलं तोंड दाखवायचं?

दोघं आले. मंडळाचे सचिव, आणि कमलताई रासने नावाच्या वयस्कर बाई, जन्मभर शाळा चालवलेल्या. सोफ्यावर बसले, शिरा खाल्ला. सचिवांनी हळूच विचारलं, घरखर्च कसा भागतो, काही अडचण? आता सांगायचं! एवढ्यासाठीच तर ती माणसं तीस मैल आली. मामांनी हात जोडले आणि म्हणाले, "आपल्या आशीर्वादानं कशाला काही कमी नाही."

सचिवांनी वहीत तेच लिहिलं. दुसरं काय लिहितील?

आता कासाराच्या घरून बाई रिकाम्या हातानं जात नाही, हा त्या घराचा धर्म. मामांनी कमलताईंना हिरव्या बांगड्या भरल्या. बाईंचा हात जरा आखडलेला होता. मामा सवयीनं म्हणाले, "बाई, मूठ सोडा. तुम्ही सोडल्याशिवाय मला काही करता येत नाही." बाई हसल्या, मूठ सोडली, बांगड्या सरसर गेल्या. पाहुणे निघाले. सोफा जाधवांकडे गेला, दार पुन्हा बसलं, आणि मामा मामींना म्हणाले, कार्य छान झालं.

छान झालं! आठवड्यानं केतकीचा फोन आला. मंडळानं नाही म्हटलं होतं. परिस्थिती समाधानकारक, मदत अधिक गरजूला देत आहोत. तिला काही कळेना. दाखला खरा होता, घर बघून गेले होते, मग नाही कसं? मामांनी फोन मामींकडं सरकवला. मामींनी सोफ्यापासून काजूपर्यंत सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "बाबांना द्या." आणि मामांना एवढंच म्हणाली, "बाबा, त्यांना आपलं घर बघायचं होतं. तुम्ही जाधवांचं घर दाखवलंत."

रडली नाही, रागावली नाही. पुढच्या सोमवारपर्यंत फीचा पहिला हप्ता नाही भरला, तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाईल, एवढं सांगून तिनं फोन ठेवला. तिला रोगी होते.

मामा दोन दिवस फेरीला गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी पहाटे पेटी उचलली, तेव्हा मामींना वाटलं धंद्याला निघाले. मामा जिल्ह्याच्या एसटीत बसले. वाटेत मनाशी वाक्यं जुळवली. मंडळाच्या कचेरीत शिरले, कमलताई एकट्याच होत्या, त्यांनी बसायला सांगितलं – आणि सगळी वाक्यं पळाली. मामा हवापाण्याचं बोलले. रस्त्याचं बोलले. बाईंच्या नातवाची चौकशी केली. दोन्ही हात गुडघ्यांवर, मुठी आवळलेल्या. मंडळी, खोटं बोलताना माणसाला एवढे कष्ट पडत नाहीत हो! मामा शेवटी म्हणाले, "बरं, येतो. सहज आलो होतो."

सहज! कासारमामा सहज तीस मैल आले होते!

कमलताईंनी त्यांच्या मुठींकडे पाहिलं. बाईंनी जन्मभर मुलं शिकवलेली, पाठ न आलेलं पोर त्या दारातच ओळखत असतील. त्यांनी आपला उजवा हात पुढं केला. "मामा, त्या दिवशीच्यातली एक बांगडी वाढली माझी. आलाच आहात तर भरून जा."

मामांच्या जिवात जीव आला. आपलं काम! पेटी उघडली, माप पाहिलं, हात हातात घेतला. बांगडी अंगठ्याशी अडली. बाईंनी मूठ गच्च आवळली होती. मामांनी पुन्हा बोटं जुळवली. पुन्हा मूठ.

मामा म्हणाले, "बाई, मूठ सोडा. अशी जायची नाही. वाढेल ती."

बाई म्हणाल्या, "मग तुम्हीही सोडा, मामा. तुम्ही सोडल्याशिवाय मलाही काही करता येत नाही."

बांगडी मामांच्या बोटांत तशीच राहिली. चाळीस वर्षं हे वाक्य त्यांनी दुसऱ्यांना सांगितलं. स्वतःला सांगायची पाळी कधी आली नव्हती.

ते खाली मान घालून म्हणाले, "सोफा जाधवांचा होता."

"बरं."

"टीव्ही मेहुण्याचा. चादरीच्या वर पत्रा गळतो. सायकल माझी."

"आणि शिरा?"

"काजू उधार आणले होते, बाई."

कमलताई हसल्या, मोठ्यानं. मग मामाही हसले. आणि हसता हसता बाईंची मूठ सुटली, बांगडी आपोआप आत गेली.

आता तुम्हाला वाटेल, बाईंनी लगेच शिष्यवृत्ती काढून हातावर ठेवली. नाही! ती मामांच्या सोफ्यानं घालवली होती. दुसऱ्या एका मुलीला गेली होती, तिच्या बापानं पाहुण्यांना फुटक्या कपात चहा दिला होता. दिलेलं परत घेत नाहीत. बाईंनी हे स्पष्ट सांगितलं. देव क्षमा करतो, पण यादी बदलत नाही, ध्यानात ठेवा!

पण मंडळात बिनव्याजी मदतीची सोय होती. सचिव पुन्हा घरी आले. या खेपेला चटईवर बसले, पत्र्याखालची बादली पाहिली, कोरा चहा प्यायले, आणि वहीतलं आधीचं वाक्य खोडलं. शनिवारी पहिल्या हप्त्याची सोय झाली. उरलेल्यासाठी बाप-लेक बँकेत गेले. साहेबांनी विचारलं, परिस्थिती कशी आहे? केतकीनं बापाकडं पाहिलं. मामांनी दोन्ही तळवे टेबलावर उताणे ठेवले आणि जशी आहे तशी सांगितली.

केतकी शिकली. दोन वर्षं रोगी तपासून विद्यावेतन मिळवलं, एक वेळची खानावळ लावली. आता ती तालुक्याला बसते. कर्ज फिटायचं आहे, फिटतंय. मंडळाचं मात्र तिनं आधी परत केलं. ते आता कुणाच्या घरी गेलंय, मला ठाऊक नाही. ठाऊक नसावंच. तिच्याकडं मोठाली यंत्रं आहेत. पण टेबलाच्या खणात बापानं दिलेला काचेच्या बांगड्यांचा एक जुडगा आहे. तान्हं पोर आईच्या मांडीवर आलं, की ती आधी पोराच्या पाठीमागून तो वाजवते. पोरानं मान वळवली तर ती हसते. नाही वळवली तर आईला म्हणते, "काकू, आज आलात ते बरं केलंत." पुढचं काम सुरू.

संपली गोष्ट. आता आपला प्रश्न. झाकली मूठ सव्वा लाखाची – असेल. बाजारात असेल, भांडणात असेल, पत्त्यांच्या डावात नक्की असेल! पण शिकायचं असेल तिथं नाही. औषध घ्यायचं असेल तिथं नाही. पाटीवरचं गणित चुकलं की पोर हातानं झाकतं. अरे, झाकलंस तर गुरुजींनी सुधारायचं कसं?

या मांडवात एखादं घर असेल. मुलाला, मुलीला जागा मिळालीय, डॉक्टरकीची, नर्सिंगची, औषधांची, कशाचीही. आणि बाप म्हणत असेल, यंदा राहू दे, आम्हालाच नको होतं. कोण ते मी विचारत नाही. त्यानं फक्त उद्या जाधवांचा सोफा आणू नये.

आता आरती होईल. मग तीर्थ येईल, प्रसाद येईल. तुम्ही सगळे हात पुढं कराल. लहान, मोठे, सावकार, शेतमजूर. तेव्हा जरा आपापल्या हाताकडं बघा. प्रसाद घ्यायला आजवर कुणी मूठ पुढं केलीय का?

उभे राहा, मंडळी. हात उघडा.