कार्डाबिना कम्प्युटर

भंडाऱ्याहून लाखनीला जाणाऱ्या एसटीत माझ्या मागच्या सीटवर बहीणभाऊ बसले होते. भावाच्या मांडीवर एक खोकं होतं.

“झाला ना आता तुहा गेमचा कम्प्युटर पुरा?”

“नाही ताई. हा पावर सप्लाय आहे. ग्राफिक कार्ड राह्यलंच.”

“मंग कार्डाबिना चालू होत नाही का?”

“चालू होते. पंखे फिरते, लाइट लागते. पडद्यावर काहीच दिसत नाही.”

“असा कायले घेतला रे?”

“बिनाकार्डाचा चालणारा प्रोसेसर महाग होता. म्हटलं, कार्ड तं पुढच्या धानाच्या पैशावर घेऊच.”

“आन् पुढच्या धानावर?”

“कार्डच महागलं.”

“तुहा दोस्त प्रफुल्ल देणार होता ना त्याचं जुनं?”

“त्यानं विकलं. पुण्यात कंपनीत लागला, आता खेळत नाही म्हणते.”

“आन् तो साकोलीवाला?”

“त्याचं लग्न झालं.”

“मंग कोणासंग खेळशीन रे बापा?”

“तू खेळशीन?”

“मी? दिवसभर भांड्याच्या दुकानात उभी राह्यतो, पाय तुटून राह्यले माहे.”

“बसूनच खेळा लागते, ताई.”