ओरडणाऱ्यांनी थांबावं

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या मास्तरांना शेजारच्या दोघी बहिणींचं बोलणं ऐकू येत होतं.

"ताई, भाऊजी इमर्जन्सीचे डॉक्टर, आणि तुझ्या दाताकडे बघितलंसुद्धा नाही?"

"तीन दिवस बोंबलतेय मी. म्हणाला, ओरडतेयस म्हणजे श्वास नीट चालू आहे, थांब जरा."

"हे काय बोलणं झालं?"

"त्यांच्याकडे असंच असतं. ओरडणारा पेशंट थांबू शकतो, गप्प पडलेल्याकडे आधी धावायचं."

"मग तू गप्प बसायचंस."

"बसले एकदा. हातातला चहा सांडत आला मेला, नाडी बघायला."

"आणि ते स्वतःच गप्प बसले तर?"

"बसतो ना. एखादा पेशंट वाचला नाही की तसाच घरी येतो. मग मी मुद्दाम भांडण उकरून काढते."

"अगं, का?"

"ओरडला की जेवतो."