घासलेटात धुतलेला फिल्टर

हसा बायांनो, पण मोटारीचा ऑइल फिल्टर घासलेटात धुणारी बाई अख्ख्या भिलाईत मी एकटीच असेन.

आमचे हे तेव्हा ठेकेदाराची जीप चालवत. कारखान्याच्या खोदकामाची लाल धूळ एवढी, की गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या मुदतीच्या अर्ध्यातच फिल्टर बदलावा लागे. त्या दिवशी जुना काढून म्हणाले, "दुर्गले बाजारात जाऊन नवा आणतो."

बाळाला ताप होता. मी घाबरले. "पोराले टाकून कुठी जाता? चहा गाळायचं फडकं मी रोज धुतेच ना? हा बी धुऊन देते."

"अवो, आत कागद हाय त्याच्या."

"मंग हलक्या हातानं धुते."

मी घासलेटात धुऊन दिला, आणि पोराकडे पाहून त्यांनी तोच परत बसवला. आठव्या दिवशी इंजिन जाम. मिस्त्रीनं उघडलं, तर आतला कागद फाटलेला. ठेकेदार आमच्या दारात येऊन ओरडला, "फिल्टर किसने धोया?"

"मैंने, साब," हे म्हणाले.

बाळाला घेऊन मी आतच उभी होते. दाराआडून बाहेर आले नाही.

ठेकेदारानं जीपची किल्ली काढून घेतली. आता हे सिमेंटच्या गोण्या उचलतात. त्याबद्दल मला अजून एका शब्दानं बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.