ओटीपी कोणाच्या फोनवर

नाशिकच्या दवाखान्यात चैताली आपल्या नंबरची वाट पाहत बसली होती. शेजारी घोटीहून आलेलं म्हातारं जोडपं होतं. म्हाताऱ्याचं बीपी वाढलं होतं, आणि आवाजही.

"हर्षलनं मोबाईलवरून मागवलेल्या गोळ्या दारातून परत गेल्या. ओटीपी सांगितल्याबिगर पार्सलवाला गोळ्या देत नाय."

"हर्षलनं फोन उचलला नाय, त्याला मी काय करू? मीटिंगमधी असंल."

"पोरगं बेंगलोरला, गोळ्या घोटीत, आन् ओटीपी त्याच्या फोनवर. आपला नंबर टाकायला काय होतंय?"

"नको."

"अगं, पण का नको?"

"मला नाय जमायचे ते आकडे वाचायला."

"टीव्हीच्या चॅनलचे आकडे बरे पाठ असतात. ताई, तुम्हाला यातलं कळतं का? पोरानं माझ्या फोनात गोळ्यांचं ॲप टाकलंय, तेवढा त्यात आमचा नंबर टाकून द्या."

चैतालीने त्याचा फोन हातात घेतला. म्हातारी सरकून जवळ आली.

"थांबा ताई. अहो, पार्सल आलं की हर्षल फोन करतो ना?"

"करतो. आकडे सांगायला."

"आकडे सांगून झाले की विचारतो, आई, जेवलीस का. एरवी कधी येतो त्याचा फोन, सांगा बरं."

नर्सने एक नाव पुकारलं, ते म्हाताऱ्याचं नव्हतं. तो चैतालीकडे वळला.

"ताई, नंबर राहू द्या. त्यात गुडघ्याला लावायचं मलम मिळतं का बघा. पार्सल मात्र वेगळं पायजे."

"तुमचा गुडघा कधीपासून दुखतोय?" चैतालीने विचारलं.

"दुखंल की पुढंमागं."