मी न कोरलेला शब्द

सन्माननीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरचे संचालकसाहेब, कारखान्यातले माझे कोरणारे, घासणारे, दगड उचलणारे सोबती, आणि तिसऱ्या रांगेतून ‘आवरतं घ्या’ अशा खुणा करणाऱ्या आमच्या सौभाग्यवती,

थोडक्यात बोला, असं मला बजावलं आहे. थोडक्यात मांडणं हा तर माझा धंदाच. दगडावर पाल्हाळ परवडत नाही. फुलं सुरेख आहेत, आभारी आहे. मागचा फलक कुणी रंगवला? ‘निरोप’मधला ‘रो’ जरा उजवीकडे कललाय. असो.

शाळेत मी टिकलो नाही. अक्षरं शिकलो ती छिन्नीनं, आणि सांगायला संकोच नाही, चांगली शिकलो. आपल्या कारखान्याची एक रीत मात्र बाहेरच्यांना ठाऊक नाही. सांगू ना, साहेब? राज्य बदललं की जुन्या कोनशिला भिंतीतून निघून आपल्याकडे येतात. चांगला दगड आपण टाकत नाही. तो उलटा करतो, मागची बाजू घासतो आणि तिच्यावर नव्यांचं नाव कोरतो. जुनं नाव तोंड भिंतीकडे करून उभं राहतं. ज्यांच्या नुसत्या भुवईनं शहरं गप्प व्हायची, अशी माणसं मी या हातांनी पालथी घातली आहेत. त्यांना कुणी उतरवलं? मी? लोकांनी? फौजांनी? ही तर सगळी अवजारं. धरणारा हात वरचा.

तर, नव्या पुलाच्या कोनशिलेचा मजकूर आला. दगड असाच, भिंतीतून परत आलेला. नाव, हुद्दा, तारीख, सगळं कोरलं. नावाच्या वर एक शब्द होता, ‘भाग्यविधाते’. तेवढी जागा मी कोरी सोडली.

साहेब स्वतः खाली आले. “अहो मिस्त्री, एक शब्दच तर आहे!”

“साहेब, तो शब्द देवाच्या मालकीचा आहे. परस्पर दुसऱ्याला कसा देऊ?”

“देवाला काय तुमची कोनशिला वाचायला वेळ आहे?”

“वेळ नसता, तर हा दगड आपल्याकडे परत कशाला आला असता?”

आमचा घासणारा कानाशी लागला, “दादा, कोरून टाका ना! पुढचं राज्य आलं की मीच घासून काढतो.”

म्हटलं, “दगडावरचं घासशील रे बाबा. माझ्यावरचं कोण घासणार?”

म्हणून हा समारंभ मुदतीच्या आधी होतो आहे. साहेबांनी शेवटची संधी दिली आहे, तीही सांगून टाकतो. आज इथून माफी मागायची आणि उद्या तो शब्द कोरायचा. मग नोकरी राहील, कारखान्यामागचं घरही राहील. साहेब वाईट नाहीत. त्यांच्याही वर कुणीतरी बसलाय, आणि तोही कुणाला तरी घाबरतो.

मी घाबरलो नाही का? घाबरलो. बायकोला विचारलं. ती म्हणाली, “घर गेलं तर दुसरं बघू. पण तो शब्द कोरून आलात, तर जन्मभर कुरकुरत बसाल, आणि ते ऐकायला मी इथेच असणार!”

राज्यकर्त्यांशी माझं वैर नाही. रोज सकाळी मी त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. देवा, त्यांना बुद्धी दे, शांत झोप दे. आता तुम्हीच सांगा, ज्याच्यासाठी झोपही देवाकडे मागावी लागते, तो माझं भाग्य काय लिहिणार? बातम्या ऐकून तुम्ही धास्तावता, आता आपलं कसं होणार म्हणता. जे काल होत होतं तेच होणार. खुर्च्यांवरची माणसं बदलतील. खुर्ची देणारा बदलत नाही.

आता रजा घेतो. कामाच्या भरात कुणाला फटकन बोललो असेन, कुणाचं सरळ अक्षर उगाच वाकडं ठरवलं असेन, आजही काही कमीजास्त बोललो असेन, तर त्या सगळ्यासाठी हात जोडतो. मोठ्या मनानं पोटात घाला.

साहेब, तुम्हाला हवी होती ती माफी मात्र यात नाही. ही घ्या घराची किल्ली.