कुल्फीच्या मटक्यात विमानाची वायर

दिनांक १९ एप्रिल २००७, गुरुवार.
नाव द्रौपदी नरेंद्र ओव्हाळ, वय ४७, शिक्षण चौथी, धंदा उल्हासनगर येथे मिक्सरच्या कारखान्यात वायर जोडणी, राहणार बुवापाडा, अंबरनाथ.

पोलीस ठाण्यात स्वतः उभी राहून सांगते की, माझी वायर संध्याकाळपासून तुमच्या कपाटात पडली आहे, तिचं वेटोळं करून वर रबर लावलंय, ते रबर आधी काढा. ती कपडे वाळत घालायची दोरी नाही. तिच्या टोकाला जोड आहे. तो मी केलाय, ताण बसला तर तुटेल. हे कितीदा सांगितलं, दर वेळी "बाई, बसा." बसून झालं. आता लिहा.

सदर वायर विमानाची आहे. हवालदार श्रीपाद हसले, तेही लिहा. विमान बदलापूरचे गुरुदत्त कर्णिक साहेब यांचं आहे. ते सरकारी कारखान्यातून ऑफिसर म्हणून रिटायर झाले आणि जांभूळच्या बाजूला शेड घेऊन दोन सीटचं छोटं विमान जोडत बसले. वायरकामाला माणूस पाहिजे होता, आमच्या शेठने माझं नाव दिलं. सुट्टीच्या दिवशी मी तिथे जाते. परवानगीचे कागद साहेब उद्या येऊन दाखवतील.

बाहेरची हवा किती थंड आहे ते विमानात आत बसून कळावं लागतं. नाहीतर कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो आणि इंजिन वर हवेतच बंद पडतं, असं साहेब सांगतात. म्हणून पंखाखाली, सावलीत, शेंगदाण्याएवढं एक टोक बसवायचं. तिथून वायर पंखातून आत येते आणि समोरच्या डबीवर आकडा दिसतो.

पहिली वायर मी इंजिनाच्या प्लगच्या वायरीला लागून नेली. इंजिन चालू केलं की आकडा उड्या मारायचा. भर उन्हात सहा डिग्री. साहेब म्हणाले, "द्रौपदीबाई, बदलापुरात बर्फ पडणार वाटतं." मी ती सगळी उपसली. वर जाळी असलेली वायर घेऊन नवीन जोड केला आणि दुसऱ्या बाजूने टेप लावून नेऊन बघितली. आकडा जागचा हलला नाही. उकळत्या पाण्यात बरोबर आला, बर्फाच्या पाण्यात शून्य आला. शून्याच्या खाली काय करतो तेवढं बघायचं राहिलं, म्हणून वायर पंखात कायमची घालायच्या आधी घरी आणली.

माझ्याकडे फ्रिज नाही. शेजारणीकडे आहे. तिच्याकडे का गेले नाही याचा या केसशी संबंध नाही.

मधू कुल्फीवाला आमच्या नाक्यावर गाडी लावतो. त्याच्या मटक्यात बर्फात मीठ असतं, त्याने थंडी शून्याच्या खाली उतरते. आज संध्याकाळी मी त्याला म्हटलं, "मधू, हे जरा मटक्यात सोडू दे." तो म्हणाला, "मावशी, धुतलंय का?" मी म्हटलं, "तुझ्या हातापेक्षा स्वच्छ आहे." टोक पिशवीत बांधून आत सोडलं. शेजारी साहेबांचा काचेचा थर्मामीटर सोडला. बॅटरी गाडीवर, डबी माझ्या हातात.

आकडा चौतीस होता. मग एकोणतीस. मग वीस. कुल्फी घ्यायला एक इसम उभा होता, पांढरा शर्ट, नाव माहीत नाही. त्याने वायर बघितली, बॅटरी बघितली, आकडा उतरतोय ते बघितलं. बारा. नऊ. तो ओरडला, "बॉम्ब है, भागो!" सगळे पळाले. हातातल्या कुल्फ्या कोणी टाकल्या नाहीत, घेऊन पळाले.

मधूही पळाला. लांबून विचारतो, "मावशी, शून्य झालं की काय होतं?" मी म्हटलं, "तेच बघायचंय!" तर तो आणखी लांब गेला. दोन. एक. शून्य. मग आकड्याच्या आधी बारीक आडवी रेघ उमटली. वजा एक. वजा चार. वजा नऊवर थांबला. काचेचा वर काढून बघितला, तोही वजा नऊ.

मी आनंदाने आरडाओरडा केला, "गेलं, गेलं, खाली गेलं!" टाळ्याही वाजवल्या. मी रस्त्यात नाचले असं पांढऱ्या शर्टवाल्याने लिहून दिलंय. नाचले नाही. जागच्या जागी एकदोन उड्या मारल्या असतील.

मग हवालदार श्रीपाद आले आणि त्यांनी वायर धरून टोक बाहेर ओढलं. आकडा चढायला लागला. हवालदार म्हणाले, "आता उलटा चाललाय!" मी म्हटलं, "टोक मुठीत धरा." धरलं. चौतीसपर्यंत जाऊन थांबला. मी म्हटलं, "हा बॉम्ब नाही, तुमचा हात आहे." गेल्या शनिवारी जयंतीच्या मंडपाची लायटिंग मीच जोडली, तेव्हा हेच हवालदार तिच्याखाली उभे राहून माझ्या हातचं सरबत प्यायले. त्या वायरींची भीती वाटली नाही.

मधूचा मटकाही उचलून आणला. पंचनाम्यात "रिकामा मटका" लिहिलंय. आतल्या कुल्फ्यांचं मला माहीत नाही. टेबलाखालच्या टोपलीत काड्या आहेत, त्या मोजायचं काम माझं नाही.

आता मुद्दा. शेडमागच्या माळावरून साहेब एकटे दोनदा वर जाऊन आलेत. येत्या रविवारी वर हवेत वायरची परीक्षा आहे. साहेब विमान चालवणार, दुसऱ्या सीटवर बसून कोणीतरी आकडे मोठ्याने वाचायचे. आमच्या शेठचा नियम आहे, "जिसने जोड़ा, वही पहले चालू करेगा." मिक्सर असला तरी. हा नियम मी साहेबांना गंमत म्हणून सांगितला. ते म्हणाले, "मग दुसरी सीट तुमची." घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "तुला उडायची काय पडलीय?" मी भाकऱ्या थापत होते, थापत राहिले.

विमानात साडी चालत नाही म्हणून पंजाबी ड्रेस शिवायला टाकलाय. पहिलाच. उद्या मिळेल. रंग विचारू नका, केसशी संबंध नाही. मला हौस नाही. आकडे वाचायला माणूस पाहिजे म्हणून जाते.

वायर शनिवारी पंखात घालून झाकण बंद करावं लागतं. त्यासाठी मी कामावर खाडा सांगितलाय. वायर नाही तर आकडा नाही. आकडा नाही तर त्या सीटवर मी बसायचं काही कारण नाही.

लिहिलेलं हवालदार श्रीपाद यांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. "आरडाओरडा केला" याच्या आधी त्यांनी स्वतःच्या मनाने "आनंदाने" घातलंय. मी तसं बोलले नव्हते. खोडू नका, बरोबर आहे. बाकी सगळं माझ्या तोंडचं आहे आणि खरं आहे. अंगठा नाही, सही करते.

वायर देणार की नाही, शनिवारी सकाळी दहाच्या आत मला उत्तर पाहिजे. आणि ते रबर आत्ता काढा.

सही: द्रौपदी ओव्हाळ