टाचेमागच्या गाठी

मंडळी, कुणी कारखान्यातली पाळी संपवून, कुणी दुकान बंद करून या देवळाच्या सभागृहात आलात. विलासच्या घरच्यांना तेवढाच आधार. मला बोलायला सांगितलंय. बावीस वर्षं दर गुरुवारी इथंच तो पखवाजावर बसला आणि मी टाळ धरून गायलो. आज त्याच्याबद्दल बोलायचंय. थोडं सांभाळून घ्या.

विलास सेहेचाळीस वर्षांचा होता. माळकरी, अंगानं काटक, रोज सायकलवरून हडपसरच्या कारखान्यात जाणारा. तेरा दिवसांपूर्वी पाळीला निघताना त्याच्या छातीत कळ आली. रिक्षात त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दवाखाना येईपर्यंत तो गेला.

आपल्या भजनी मंडळात सगळ्यांच्या घोट्यांवर घट्टे आहेत. मांडी घालून बसून येतात ते. विलासच्या टाचेमागे, वरच्या जाड शिरेवर, गाठी होत्या. बोटांच्या सांध्यांवरही होत्या. मीच म्हणायचो, "विलासराव, तुमची सेवा मोठी. घट्टे मागनंसुद्धा आलेत!" तो म्हणायचा, "दादा, तुम्ही ताल चुकवता, म्हणून मला जादा बसावं लागतंय." आपण सगळे हसायचो. हसायचो की नाही?

दोन वर्षांपूर्वी कारखान्याच्या तपासणीत त्याचं कोलेस्टेरॉल फार वाढलेलं निघालं. तो कागद घेऊन माझ्याकडे आला. "गोळ्या सुरू करा म्हणतात. काय करू, दादा?" मी म्हणालो, "अरे, तू अंड्याला शिवत नाहीस. तुला कसलं कोलेस्टेरॉल? दुसऱ्या कुणाचं रक्त तपासलं असेल." तो माझं ऐकायचा. त्यानं ऐकलं. मंगलवहिनी, तुम्ही त्याची बायको, तरी हे मी तुम्हाला आजवर सांगितलं नव्हतं. आज सगळ्यांसमोर सांगतोय.

त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरबाई चादर नीट करत होत्या. त्यांचा हात त्याच्या पायाशी थांबला. "या गाठी कधीपासून आहेत?" मी म्हणालो, "मॅडम, ते भजनाचे घट्टे आहेत." त्या हळू आवाजात म्हणाल्या, "काका, घट्टा जमीन टेकते तिथं येतो. टाचेच्या मागं जमीन कुठं टेकते?"

बावीस वर्षं, मंडळी. आपल्यापैकी एकाच्याही हे लक्षात आलं नाही.

त्यांनी मला बाकावर बसवून समजावलं. तूप पाण्यात विरघळत नाही, तसं कोलेस्टेरॉल रक्तात विरघळत नाही. म्हणून शरीर त्याला प्रथिनांच्या वेष्टनात घालून पाठवतं. अशा बारीक गोळ्याला लिपोप्रोटीन म्हणतात. कोलेस्टेरॉल शरीराला लागतंच, आणि माणूस शाकाहारी असला तरी त्याचं यकृत ते तयार करतं. एलडीएल नावाचे गोळे ते अंगभर पोचवतात. उरलेले गोळे यकृतानं पुन्हा ओढून घ्यायचे, त्यासाठी यकृताला जणू हात असतात. काही घराण्यांत हे हात जन्मापासूनच कमी पडतात. मग ते गोळे रक्तातच फिरत राहतात. हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत शिरून साचतात. टाचेमागच्या, बोटांच्या शिरांवरही साचतात, त्याच या गाठी. एचडीएल नावाचे दुसरे गोळे साचलेलं परत नेतात, पण ते किती पुरे पडणार? मी विचारलं, "औषधाच्या गोळ्या घेतल्या असत्या तर?" त्या म्हणाल्या, "त्या औषधानं यकृताचे हात वाढतात, काका. धोका पुष्कळ कमी झाला असता."

विलासचे वडील शेताच्या बांधावर असेच बसल्या जागी गेले. तेव्हा तो शाळेत होता. गाव म्हणालं, देवाची इच्छा. त्यानं सांगितलं तेव्हा मीही तेच म्हणालो. मी रोज देवापुढे हात जोडतो, पुढेही जोडीन. पण आपल्या अज्ञानाला देवाची इच्छा म्हणायचं धाडस आता माझ्यात उरलेलं नाही.

सुभाष, तू त्याचा धाकटा भाऊ. दहाव्याला घाटावर तू चप्पल काढलीस, तेव्हा तुझ्या टाचांकडे माझं लक्ष गेलं. तशाच गाठी. मी म्हणालो, रक्त तपासून घे. तू म्हणालास, "दादा, लिहिलेलं टळतंय व्हय? मला न्हाय तपासायचं." आणि ही विलासची प्राजक्ता. एकोणीस वर्षांची पोर बारा दिवस पाय ओढणीखाली घेऊन बसते. हा दोष बापाकडून प्रत्येक मुलात यायची निम्मी शक्यता असते, असं बाई म्हणाल्या.

उद्या सकाळी सात वाजता मी तुमच्या दारात उभा राहीन. रक्त तपासायला जायचं. दोघांनी.

काय म्हणालीस, प्राजक्ता? मोठ्यानं बोल, बाळ.

ऐकलंत, मंडळी? ती म्हणते, "सुभाषकाका आले तरच मी येणार. नाहीतर मलाही न्हाय तपासायचं."

सुभाष, खाली बघू नको. आता हे तुझ्या एकट्याचं राहिलेलं नाही. मी एकदा चुकीचा सल्ला दिला, तो विलासनं लगेच ऐकला. हा बरोबर आहे. हा तू ऐक.

ये. उठ, पुढं ये. पुतणीचा हात धर. धर घट्ट.

असं.

विलास, तुझी क्षमा मागायला मला तोंड नाही. माझा शेवटचा रामराम घे.

मंडळी, आपण सगळे उभे राहू. दोन मिनिटं कुणी काही बोलायचं नाही.